मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसचा टाइमआउट (वेळमर्यादा) कधी लागतो, कधी लागतच नाही

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पायथन, त्यातून डेटाबेसशी बोलायला सायकोपीजी२ ही लायब्ररी, मागे पोस्टग्रेस. पंधरवड्याचं ऊसबिल काढायची वेळ आली की क्लार्क रिपोर्टचं बटण दाबतात, काही दिसेना म्हणून परत दाबतात, मग ब्राउझर बंद करून पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी डेटाबेसला नवी क्वेरी (विचारणा). ब्राउझर बंद झाला तरी जुन्या क्वेऱ्या आत दळत बसलेल्याच. परवा पूलमधली (डेटाबेसशी उघडी ठेवून आळीपाळीने वापरायची) २० च्या २० कनेक्शनं अशी अडकली आणि ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर गेली. शिव्या कोणी खाल्ल्या ते सांगायला नको.

आतापर्यंतचे उद्योग: कनेक्ट करताना कनेक्ट_टाइमआउट १० दिला, शून्य फरक. मग नवीन कनेक्शन बनलं की लगेच 'सेट स्टेटमेंट_टाइमआउट' (एका क्वेरीला कमाल किती वेळ) करून दोन मिनिटं लावली. हे चालतं, पण लहर लागेल तसं. शेवटी जोडणीच्या ऑप्शन्समध्ये 'वजा सी' लावून स्टेटमेंट_टाइमआउट १२० दिला, तर सभासदांची साधी यादीसुद्धा 'कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू स्टेटमेंट टाइमआउट' म्हणत पडायला लागली. घाबरून काढून टाकला.

नावं इथे देवनागरीत टंकलीत, कोडमध्ये रोमनच आहेत. त्यावरून सुरू होऊ नका.

चहाबाज: शेवटचाच रस्ता बरोबर होता की राव! स्टेटमेंट_टाइमआउटला नुसता आकडा दिला तर तो मिलिसेकंदात धरतात. तुम्ही दिलात सेकंदाचा आठवा हिस्सा. १२०००० द्या, नाहीतर सरळ '१२०एस' लिहा. गंमत म्हणजे कनेक्ट_टाइमआउट मात्र सेकंदात असतो, आणि तो फक्त जोडणी होईपर्यंतचा. एकदा आत शिरलात की त्याचा संबंध संपला.

धागाकर्ता: अरे देवा. पण मग सेट का लहरी वागतो? तिथे तर मी '२मिन' असंच लिहिलं होतं.

जुनाखोड: सेटनंतर कमिट (बदल पक्का) केलंत का? नसणार. सायकोपीजी२ पहिल्या वाक्यालाच ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गट) उघडतं, ते सेट असलं तरी. आणि कनेक्शन पूलला परत देताना ट्रान्झॅक्शन उघडं दिसलं की पूल स्वतःहून रोलबॅक करतो, म्हणजे ते रद्द करतो. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक झाला की त्यातला सेटही पुसला जातो. आता बघा: नव्या कनेक्शनवर पहिलं काम वजनाची नोंद असेल तर तुम्ही कमिट करता, टाइमआउट टिकतो. पहिलं काम नुसता रिपोर्ट असेल तर कमिट नाही, टाइमआउट गेला. म्हणजे रिपोर्टवाल्या कनेक्शनांवरच तो नसतो, नेमका जिथे हवा तिथे. मी यात एक अख्खा दिवाळीचा आठवडा घालवलाय.

ऑप्शन्समधून दिलेली किंमत जोडणीच्या वेळीच लागते, रोलबॅक तिला हात लावत नाही. खात्री करायची तर त्याच कनेक्शनवरून पीजी_सेटिंग्ज या पोस्टग्रेसच्या सेटिंग्जच्या यादीमध्ये स्टेटमेंट_टाइमआउटची ओळ काढा आणि सोर्स हा रकाना बघा. 'क्लायंट' दिसलं तर ऑप्शन्समधून आलंय, 'सेशन' दिसलं तर कोणीतरी सेट केलंय, 'डिफॉल्ट' दिसलं तर काहीच लागलेलं नाही.

चहाबाज: मी तर रिपोर्टसाठी वेगळा रोल (डेटाबेसचा युजर) करून 'ऑल्टर रोल' नेच मर्यादा घालतो. कोडवर विश्वास ठेवायचाच नाही. फक्त ती पुढच्या लॉगिनपासून लागते, पूलमधली जुनी कनेक्शनं तशीच राहतात. तेवढा ॲप रीस्टार्ट करा.

जुनाखोड: हे उत्तम. आणि मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शनं वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे दर ट्रान्झॅक्शननंतर कनेक्शन दुसऱ्याला देणारा, असेल तर साध्या सेटच्या वाटेला जाऊ नका, तो भलत्याच्याच क्वेरीला चिकटतो. तिथे 'सेट लोकल', तो त्या ट्रान्झॅक्शनपुरताच राहतो.

धागाकर्ता: झालं! सोर्स 'डिफॉल्ट' दिसत होता, आता 'क्लायंट' दिसतोय. आज चार वेळा मुद्दाम बटण दाबलं, दोन मिनिटांनी चारही क्वेऱ्या मेल्या आणि कनेक्शनं सुटली.

एक नवीन फटका बसला. रात्रीचं खतावणीचं काम तोच कनेक्शनचा फंक्शन वापरतं, ते दोन मिनिटांत अर्धवट पडलं. तिथे ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला 'सेट लोकल स्टेटमेंट_टाइमआउट' शून्य टाकलंय, शून्य म्हणजे मर्यादाच नाही. आज रात्री जागून बघतो.

चहाबाज: आणि ते रिपोर्टचं बटण एकदा दाबल्यावर बंद करा की हो!

धागाकर्ता: केलं. क्लार्कसाहेब आता दुसरा टॅब उघडून दाबतात.