पायथनमध्ये अंगभूत फंक्शनांची नावे व्हेरिएबलला द्यावीत का?

मूळ मत
'लिस्ट', 'सम', 'मॅक्स', 'आयडी' ही अंगभूत (पायथनमध्ये आधीपासूनच तयार असलेल्या) फंक्शनांची नावे व्हेरिएबलला देऊच नयेत, असे माझे ठाम मत आहे. ही नावे राखीव शब्दांत (भाषेने स्वतःसाठी ठेवलेल्या, नाव म्हणून न चालणाऱ्या शब्दांत) मोडत नाहीत, त्यामुळे ती वापरताना पायथन अवाक्षरही काढत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. मागे एकदा मी नोटबुकमध्ये (जिथे कोड 'सेल' नावाच्या तुकड्यांत चालवतात) गुणांची यादी 'लिस्ट' या नावाने ठेवली. बऱ्याच वेळाने 'लिस्ट(रेंज(५))' चालवले, तेव्हा 'टाइपएरर' आला. त्या ओळीत काहीच चूक नव्हती; 'लिस्ट' हे नाव आता फंक्शनाचे न राहता माझ्या यादीचे झाले होते. चुकीचा सेल मी तोवर पुसूनही टाकला होता, पण ते नाव कर्नलच्या (नोटबुकमागे कोड चालवणाऱ्या प्रक्रियेच्या) मेमरीत तसेच राहिले होते, म्हणून कारण सापडायला तासभर गेला.

प्रतिसाद १
आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु त्यावरून सरसकट बंदी घालणे मला पटत नाही. फंक्शनच्या आत दिलेले नाव फंक्शनबाहेर कोणालाही बाधत नाही. प्रमाणित लायब्ररीतल्या 'सबप्रोसेस.रन'च्या एका पॅरामीटरचे नावच 'इनपुट' आहे. शिवाय ३.१० आवृत्तीत 'एइटर' आणि 'एनेक्स्ट' ही नवी अंगभूत फंक्शने आली, तेव्हा त्याच नावांची व्हेरिएबल असलेले जुने प्रोग्राम मोडले नाहीत, ते याच मुभेमुळे.

मूळ लेखकाचे उत्तर
फंक्शनच्या आतही आपण सुरक्षित नसतो. तिथे 'मॅक्स = मॅक्स(अ, ब)' लिहून पाहा: नावाला कुठेही किंमत दिली, की ते संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक ठरते, त्यामुळे उजवीकडचा 'मॅक्स' अजून किंमत न मिळालेला निघतो आणि 'अनबाउंडलोकलएरर' येतो. राखीव शब्दांसाठी 'पेप ८' ही पायथनची कोडलेखन-शैलीची मार्गदर्शिका नावाच्या शेवटी अंडरस्कोर जोडायला सांगते. तोच उपाय इथेही चालतो. त्याहून बरे म्हणजे 'गुणयादी'सारखे अर्थवाही नाव.

प्रतिसाद १
'मॅक्स'बाबत आपले म्हणणे मान्य. पण 'आयडी' हे फंक्शन रोजच्या कामात क्वचितच लागते, आणि 'सेल्फ.आयडी' तर टिंबामागून वाचले जात असल्याने त्याची टक्कर होतच नाही. म्हणून मी पायलिंटची (कोड तपासणाऱ्या साधनाची) अंगभूत नावे वापरल्यास मिळणारी सूचना चालू ठेवतो आणि 'आयडी' तेवढे अपवादांत नोंदवतो.

प्रतिसाद २
मी मूळ लेखकाच्या बाजूचा आहे, कारण नवशिक्यांना हे अपवाद कळायला वेळ लागतो. नोटबुकमध्ये असे झालेच, तर कर्नल पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. 'डेल लिस्ट' चालवले की आपले नाव निघून जाते आणि मूळ फंक्शन पुन्हा हाती येते.