हिंटरकायफेक १९२२ : शेजारीच खुनी होता का?

वावरवाला

माझं लहानपण गावापासून लांब, वस्तीवर गेलं. रात्री कुत्रं भुंकलं की आजोबा कंदील न लावता आधी अंधारात उभं राहून ऐकायचे. त्यामुळे असेल, पण ही केस वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीत बव्हेरियामध्ये, म्युनिकच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर हिंटरकायफेक नावाची एकांडी वस्ती होती. घरात म्हातारा आंद्रेआस ग्रुबर, त्याची बायको, विधवा मुलगी व्हिक्टोरिया गाब्रिएल, तिची सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा योसेफ. ३१ मार्च १९२२ ला, शुक्रवारी, नवी मोलकरीण मारिया बाउमगार्टनर कामावर रुजू झाली आणि त्याच रात्री सहाही जण मारले गेले. चौघं गोठ्यालगतच्या कोठारात, योसेफ आणि मोलकरीण घरात.

४ एप्रिलला, मंगळवारी प्रेतं सापडली. मधल्या चार दिवसांत धुराड्यातून धूर निघत होता, घरातलं अन्न खाल्लेलं होतं आणि गुरांना वैरण घातलेली होती. म्हणजे खुनी तिथेच मुक्कामाला होता, नाहीतर रोज येऊन जात होता. आजतागायत कोणावरही गुन्हा सिद्ध झालेला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शेजारच्या ग्र्योबर्नचा लोरेन्झ श्लिटेनबाउअर. व्हिक्टोरियाशी त्याचे संबंध होते. म्हाताऱ्याचे स्वतःच्या मुलीशी संबंध असल्याबद्दल १९१५ मध्ये दोघांना शिक्षा झाली होती, बापाला एक वर्ष आणि मुलीला एक महिना. ते सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. योसेफ म्हाताऱ्याचा की श्लिटेनबाउअरचा, यावरून तक्रार झाली, मग माघार झाली, मग यानं पितृत्व मान्य केलं. प्रेतं शोधायला गेलेल्या तिघांत हाच पुढे. कोठारात प्रेतं हलवली, आणि बाकी दोघे घाबरून थांबले असताना हा एकटा घरात शिरला. आत खुनी असू शकतो ही भीती त्याला कशी वाटली नाही?

कोर्टाची पायरी

वावरवाला, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याने तेव्हाच दिलं होतं: "माझ्या मुलाला शोधायला गेलो." तुम्हाला ते पटत नाही, पण मग एक ठरवा. योसेफ त्याचा होता की नव्हता? त्याचा असेल तर दोन वर्षांच्या पोटच्या पोराला त्याने मारलं असं म्हणावं लागेल. नसेल तर जळफळाटाचा हेतू उरतो, पण मग त्याने कागदावर पितृत्व का घेतलं? तुम्ही दोन्ही बाजूंनी त्यालाच ओढताय.

तीस वर्षं फौजदारी वकिली केली. परिस्थितीजन्य पुराव्याबद्दल आपल्याकडे १९८४ चा सारडा निकाल आहे, सर्वोच्च न्यायालयाचा. सगळ्या कड्या जुळून साखळी अशी पूर्ण व्हायला हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला वाजवी जागाच उरू नये. इथे साखळी कुठे आहे? नुसत्या सुट्या कड्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या गावगप्पा.

गोठ्यातून

मला कायद्यातलं कळत नाही. घरी अकरा म्हशी आहेत तेवढं कळतं.

दुभत्या जनावराची एक धार चुकली तरी कास तटतटते आणि ते हंबरायला लागतं. वैरण-पाणी नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी अख्खा गोठा बोंबलतो, अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जाईल असा. गुरं गप्प ठेवली म्हणून चार दिवस कुणी फिरकलं नाही. हे ज्याला सुचलं तो गोठ्यात वाढलेला माणूस आहे. आणि त्या गोठ्यात चारा कुठे, पाणी कुठे, हे त्याला अंधारात सापडत होतं.

वावरवाल्यांशी सहमत. शेजारीच.

इसारकाठ

म्युनिकमधून लिहितोय. गोठ्यातून, तुमचा मुद्दा जबरदस्त आहे, पण १९२२ च्या बव्हेरियातल्या खेड्यात गोठा न कळणारा माणूस शोधून दाखवा! भटका मजूर असो, पळालेला सैनिक असो, सगळे शेतकऱ्यांचीच पोरं. गुरांची निगा हा शेतकऱ्याचा पुरावा झाला, शेजाऱ्याचा नाही.

तुम्ही सगळे आधीचे दिवस विसरताय. खुनाच्या थोडं आधी ग्रुबरने शेजाऱ्यांना सांगितलं होतं की बर्फात रानातून घराकडे आलेली पावलं दिसली, परत गेलेली दिसली नाहीत. माळ्यावर कुणी चालल्यासारखं ऐकू आलं. घरात कुणी न आणलेलं वर्तमानपत्र सापडलं. किल्ली हरवली. तरी बाबा पोलिसांत गेला नाही. आता मला सांगा, अर्ध्या किलोमीटरवर ज्याचं स्वतःचं घरदार आहे तो श्लिटेनबाउअर दुसऱ्याच्या माळ्यावर दिवसच्या दिवस लपून बसेल कशाला? त्याच्या घरी जेवायला हाक मारणारं कुणी नव्हतं का?

वावरवाला

पावलांची गोष्ट कुणी सांगितली? ग्रुबरने शेजाऱ्यांना. ग्रुबर मेल्यावर ती जगाला कुणी सांगितली? शेजाऱ्यांनी, आणि त्यातला एक श्लिटेनबाउअर. एवढंच नोंदवून ठेवतो.

मावळती

गेल्या काही प्रतिसादांत चाललंय ते बघून राहवलं नाही. व्हिक्टोरियाला तुम्ही सगळे "संबंध होते" या दोन शब्दांत गुंडाळताय. बाप मुलीला छळतो आणि कायदा दोघांना शिक्षा देतो, तिलाही तुरुंग! तिचा नवरा कार्ल डिसेंबर १९१४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. त्यानंतर त्या घरात तिचं कोण होतं? शेजाऱ्याशी तिला लग्न करायचं होतं की बापाच्या घरातून सुटायचं होतं, हे तिला कुणी विचारलं नसणार. शंभर वर्षांनी आपणही विचारत नाही, हेतू शोधतोय तो फक्त पुरुषांचा.

आणि कृपा करून मुलांच्या जखमांचे तपशील इथे आणू नका. दुसरीकडे फार चघळून झालेत.

रातकिडा

मावळतीताई, +१.

कार्लचा विषय निघालाच आहे तर, त्याचं प्रेत कधी मिळालं नाही. तो जिवंत होता आणि सूड घ्यायला परत आला, हा तर्क कुणीच का घेत नाहीये? दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाच्या कैदेतून सुटलेल्यांनी सांगितलं होतं की एक जर्मन बोलणारा रशियन अधिकारी स्वतःला हिंटरकायफेकचा खुनी म्हणवत होता.

कोर्टाची पायरी

रातकिडा, कार्लचं प्रेत पाहिल्याचं त्याच्या सोबतच्या सैनिकांनी सांगितलेलं आहे. त्या लढाईत हजारोंची प्रेतं मिळाली नाहीत, ते सगळे सूड घ्यायला परत आले नाहीत. अधिकाऱ्याची गोष्ट म्हणजे ऐकीव माहिती, तीही तिसऱ्या तोंडाची. माझ्यासमोर आली असती तर उलटतपासणीला दोन मिनिटं लागली असती.

पण यातून मला हवं ते मिळालं. संशयितांची नावं मोजा. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला योसेफ बार्टल झाला. गुंप बंधू झाले. मरताना बहिणीने भावांची नावं घेतली म्हणून १९५१ मध्ये सरकारी वकिलाने त्यातल्या हयात असलेल्या भावाला अटक केली आणि पुराव्याअभावी सोडावं लागलं. प्रत्येक वेळी गावाला खात्री होती. श्लिटेनबाउअरने तर आपल्याला खुनी म्हणणाऱ्यांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि जिंकले. मनात पाप असलेला माणूस स्वतःहून कोर्टाची पायरी चढतो का?

गोठ्यातून

वकीलसाहेब, राग मानू नका. आमच्याकडे बांध कोरणाराच आधी मोजणीचा अर्ज टाकतो.

इसारकाठ

हा हा, हे मान्य!

पण मेकॅनिकचं काय ते बघा. आल्बर्ट हॉफनर. आपल्या भाषेत सांगायचं तर कडबाकुट्टीचं इंजिन दुरुस्त करायला तो ४ एप्रिलला आला. कुणी दिसेना, तर थोडी वाट पाहून स्वतःच कामाला लागला. साडेचार तास ठोकाठोक करून निघाला. प्रेतं त्याच आवारात होती. जाताना गावात सांगत गेला की काम झालं, घरात कुणी दिसलं नाही. त्यानंतर श्लिटेनबाउअरने आधी पोरांना बघायला पाठवलं आणि मग दोघांना घेऊन स्वतः गेला.

तो खुनी असता तर स्वतःच्या पोरांना त्या घरात पाठवलं असतं?

वावरवाला

उलट बघा. हॉफनरमुळे बोभाटा होणारच होता. आपल्या पायाचे ठसे, हाताचे डाग तिथे का आहेत याला कारण हवं असेल तर सगळ्यांच्या देखत पहिलं आत जाणं हाच उपाय. प्रेतंही त्याने हलवली. सोबत गेलेल्या याकोब झिगलनेच पुढे त्याच्यावर बोट ठेवलं, मी नाही.

आणि हत्यार. १९२३ मध्ये घर पाडताना कुदळ सापडली, ग्रुबरच्याच घरची, माळ्यावर लपवलेली. चोर हत्यार रानात फेकतो किंवा तिथेच टाकतो. घरात बरीच रक्कम तशीच राहिली होती, म्हणजे चोरीही नाही.

इसारकाठ

माळ्यावर कुदळ! अहो, आवाज कुठून येत होता म्हणे? माळ्यावरून. लपून बसलेला माणूस कुठे होता? माळ्यावर. तुमचा पुरावा माझ्या पारड्यात पडतोय.

मावळती

मला सगळ्यात राग तपासाचा येतो. पोलिस यायच्या आधी आणि नंतरही बघ्यांची रीघ लागली होती. बोटांचे ठसे घ्यायचं तंत्र तेव्हा होतं, वापरलं नाही. उलट मृतांची डोकी कापून म्युनिकला नेली आणि अतींद्रिय दृष्टी असल्याचा दावा करणाऱ्यांना दाखवली! ती डोकी महायुद्धाच्या धामधुमीत गहाळ झाली. वाइडहोफेनच्या कबरीत सहाही जण डोक्याविना आहेत. आपल्याकडे चोर शोधायला देवऋषी बोलावतात म्हणून हसणाऱ्यांनी हे वाचावं.

इसारकाठ

त्या कबरीपाशी मी गेलोय, मावळतीताई. जिथे वस्ती होती तिथे आता शेत आहे आणि जवळच एक छोटं स्मारक. आम्ही चौघे मराठी होतो, येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

एक राहिलं. २००७ मध्ये फ्युर्स्टेनफेल्डब्रुकच्या पोलिस अकादमीच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण आजच्या पद्धतीने पुन्हा तपासलं. इतक्या वर्षांनी सिद्ध काहीच करता येणार नाही असं त्यांनी म्हटलं. पण कोणाकडे बोट जातं यावर त्यांचं एकमत झालं होतं, आणि ते नाव त्यांनी जाहीर केलं नाही. कारण नातेवाईक हयात आहेत.

कोर्टाची पायरी

विशीतल्या पोरांना जे कळलं ते आपल्याला या धाग्यात कळलं नाही. श्लिटेनबाउअर १९४१ मध्ये वारला. उत्तर द्यायला तो नाही, पण त्याच्या नातवंडा-पतवंडांना त्याच परिसरात दळण-किराणा आणायला जायचंय.

वावरवाला

साहेब, हे लागलं.

धाग्याचं शीर्षक सकाळी "शेजारीच खुनी" एवढंच होतं. पुढचं "होता का?" आत्ता घातलं. माझं मत मात्र बदललेलं नाही.