मदत हवी आहे: उशिरा परिणाम होणाऱ्या निवडी खेळाडूंना खोट्या वाटतात, रोलबॅक बंद करावा का?

नमस्कार मंडळी,

मी एकटाच रेनपायमध्ये (कथाप्रधान गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये) एक लहान कथाप्रधान गेम बनवत आहे. बर्फामुळे जगापासून तुटलेल्या एका वेधशाळेत कथा घडते. तिथे चार माणसे आहेत, निरीक्षणांची एक नोंदवही गायब झालेली आहे आणि खेळाडू हा तिथे नुकताच रुजू झालेला सहायक आहे. एका खेपेला साधारण दोन तास लागतात आणि शेवट पाच आहेत. हे शेवट अखेरच्या एखाद्या प्रश्नावर ठरत नाहीत. पहिल्या तीन प्रकरणांत केलेल्या पाच निवडी गेम लक्षात ठेवतो आणि त्यांचा हिशेब शेवटच्या प्रकरणात होतो. उदाहरणार्थ, दुसऱ्याच प्रसंगात खेळाडूला एक मोहोरबंद पत्र सापडते. ते उघडून वाचायचे की ज्याचे त्याला नेऊन द्यायचे, यावर शेवटी कोण त्याच्या बाजूने साक्ष देणार हे अवलंबून आहे, पण पत्रानंतरचा तासभर दोन्ही वाटांची कथा जवळजवळ सारखीच चालते.

अडचण इथेच आहे. ज्यांना मी गेम खेळायला दिला त्यांतील बहुतेकांनी पर्याय निवडल्यावर लगेच माउसचे चाक मागे फिरवून (म्हणजे रोलबॅक करून, आधीच्या वाक्यांकडे परत जाऊन) दुसरा पर्याय निवडून पाहिला. पुढची दोन-तीन वाक्ये दोन्हीकडे सारखीच आहेत हे दिसताच, या गेममधील निवडी नुसत्या दिखाऊ आहेत असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि पुढे पर्याय न वाचताच ते क्लिक करत राहिले. म्हणजे ज्या निवडींवर सगळी कथा उभी आहे, नेमक्या त्याच त्यांना सर्वांत निरर्थक वाटल्या. उलट चहा घ्यायचा की नाही यासारख्या किरकोळ प्रश्नाला लगेच वेगळे उत्तर मिळते म्हणून तो त्यांना महत्त्वाचा वाटला!

यावर मला सुचलेला एक उपाय म्हणजे रोलबॅक पूर्णपणे बंद करणे. दुसरा उपाय टेलटेल कंपनीच्या २०१२ च्या 'द वॉकिंग डेड'मुळे सर्वांना परिचित आहे: अमुक व्यक्ती ही गोष्ट लक्षात ठेवील, अशी सूचना पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणे. ती मला फारशी रुचत नाही, कारण पत्र उघडताना खेळाडूला जी अस्वस्थता वाटायला हवी ती त्या सूचनेमुळे नाहीशी होते आणि तो माणसांऐवजी सूचनांकडे पाहून निर्णय घेऊ लागतो. तिसरा मार्ग 'अंडरटेल'चा. २०१५ च्या या गेममध्ये सुरुवातीला टोरिएल या पात्राला मारून, नंतर जुना सेव्ह लोड करून तिला जिवंत सोडले, तर फ्लावी हे दुसरे पात्र ते ओळखते आणि तसे तोंडावर बोलून दाखवते. ही कल्पना मला मोहात पाडते, पण माझ्या वेधशाळेत असे काही कळू शकणारे पात्रच नाही आणि केवळ युक्तीसाठी ते आणणे मला पटत नाही.

तेव्हा ज्यांनी असे गेम बनवले आहेत किंवा लक्षपूर्वक खेळले आहेत त्यांना मला विचारायचे आहे की, परिणाम तासाभराने दिसणार असेल तर खेळाडूला मागे जाऊ द्यावे का. जाऊ द्यायचे असेल तर निवडीवरचा त्याचा विश्वास कसा टिकवावा. आणि जाऊ द्यायचे नसेल तर उरलेले चार शेवट पाहण्यासाठी त्याने दर वेळी दोन तास पुन्हा घालवावेत अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे का?

प्रतिसाद १

रोलबॅक सरसकट बंद करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रांसह वाचायचा कथाप्रधान गेम) वाचणारा माणूस मागे जातो तो बहुतेक वेळा निवड बदलण्यासाठी नव्हे, तर चुकून पुढे गेलेले वाक्य वाचण्यासाठी. ती सोय काढून घेतली तर प्रामाणिक वाचकालाच शिक्षा होते.

रेनपायमध्ये याहून नेमकी साधने आहेत. ज्या निवडीला महत्त्व आहे तिच्यानंतर लगेच फिक्स रोलबॅकचे फंक्शन बोलावले, तर खेळाडू मागे जाऊन सगळे पुन्हा वाचू शकतो, परंतु निवडीपाशी पोहोचल्यावर त्याने आधी निवडलेला पर्याय तेवढाच क्लिक करता येतो. ब्लॉक रोलबॅकचे फंक्शन याहून कडक आहे, कारण ते त्या बिंदूच्या मागे जाऊच देत नाही. तुमच्या पाच निवडींना पहिले पुरेसे आहे. मात्र ही दोन्ही फंक्शने फक्त रोलबॅकपुरती आहेत. निवडीच्या आधी केलेला सेव्ह खेळाडूने लोड केला तर त्याला सर्व पर्याय पुन्हा खुले होतात, आणि ते तसेच असू द्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते अडचण रोलबॅकमध्ये नसून त्या पुढच्या दोन-तीन वाक्यांत आहे. परिणाम उशिरा यावा हे ठीक, पण निवडीची दखल लगेच घेतली गेली पाहिजे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र उघडले तर मोहोरेचे लाखेचे तुकडे टेबलावर राहतील, ते खिशात टाकावे लागतील, नंतर कोणी खोलीत आले तर सहायकाचा हात आपोआप खिशाकडे जाईल. पत्र न उघडता नेऊन दिले तर ते घेणारा माणूस मोहोर उलटसुलट करून पाहील आणि काही न बोलता निघून जाईल. कथेची वाट दोन्हीकडे तीच राहते, तुम्हाला लिहावी लागतात ती जेमतेम सहा-सात वाक्ये, परंतु मागे जाऊन तुलना करणाऱ्यालाही दोन्हीकडे काहीतरी वेगळे घडल्याचे दिसते. त्यानंतर मधल्या तासात निदान दोनदा त्या गोष्टीचा ओझरता उल्लेख यायला हवा, नाहीतर शेवटच्या साक्षीपर्यंत खेळाडू ते पत्र विसरलेला असेल आणि त्याला तो शेवट आपल्या कृतीचा परिणाम न वाटता लेखकाची मर्जी वाटेल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातील दखलीचा मुद्दा मान्य आहे, पण रोलबॅकबाबत माझे मत उलट आहे. निसटलेले वाक्य वाचण्यासाठी रेनपायमध्ये इतिहासाचा वेगळा पडदा असतो. तिथे झालेले संवाद वाचता येतात आणि गेमची स्थिती तसूभरही हलत नाही. त्यामुळे दोन तासांच्या गेममध्ये रोलबॅक काढून टाकला तर वाचकाचे फार नुकसान होत नाही. फिक्स केलेल्या रोलबॅकमध्ये मात्र खेळाडूला न निवडलेला पर्याय समोर दिसतो आणि तो दाबता येत नाही, यामुळे गेम बिघडला आहे असा समज होऊ शकतो. तो मार्ग घ्यायचाच असेल तर पहिल्या अशा निवडीपाशी कथेच्याच भाषेत एखादे वाक्य घालून नियम सांगून टाका.

मागे जाण्याची इच्छाच कमी व्हावी असे वाटत असेल, तर २०१९ चा 'डिस्को एलिसियम' पुन्हा एकदा याच नजरेने खेळून पाहा. त्यात संवाद चालू नसताना हवे तेव्हा सेव्ह करता येते आणि लोडही करता येते. तरीही मला लाल चाचणी फसल्यावर, जी पुन्हा देता येत नाही, जुना सेव्ह उघडावासा क्वचितच वाटला, कारण अपयशानंतरचा प्रसंग यशानंतरच्या प्रसंगाइतकाच, किंबहुना अनेकदा त्याहून अधिक मन लावून लिहिलेला आहे. खेळाडू मागे पळतो तो आपली वाट दुय्यम आहे असे वाटल्यामुळे. तुमच्या पाच शेवटांपैकी एकच 'खरा' आणि बाकीचे त्याची अपुरी रूपे असतील, तर कोणतेही कुलूप उपयोगी पडणार नाही.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसादांत दुसऱ्या खेपेचा प्रश्न बाजूला राहिला, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

२०१३ च्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये वीस शेवट आहेत आणि कथा एकतीस दिवसांची आहे. तिथे दिवसागणिक सेव्ह होतो. कोणत्याही मागच्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली तर नवी फांदी फुटते आणि जुनी तशीच टिकून राहते. खेळाडूला मागे जाता येते, पण एका वाक्याने नव्हे तर पूर्ण दिवसाने, आणि त्या दिवसाचे काम त्याला पुन्हा करावे लागते. तुमच्या गेमला हे माप चांगले बसेल असे वाटते: वाक्यावाक्याचा रोलबॅक निवडींपाशी अडवा आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी, त्या वेळच्या सर्व व्हेरिएबलसह (गेमने लक्षात ठेवलेल्या मूल्यांसह), आपोआप सेव्ह करा.

याउलट 'द स्टॅनली पॅरेबल'ची एक खेप काही मिनिटांत संपते, त्यामुळे तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे हाच खेळ ठरतो. २०२३ च्या 'स्ले द प्रिन्सेस'ने, जो रेनपायमध्येच बनलेला आहे, पुन्हापुन्हा त्याच झोपडीकडे जाणे कथेतच विणून टाकले आहे. दोन तासांच्या सरळ कथेला यांपैकी काहीही जसेच्या तसे उचलता येणार नाही.

पुन्हा खेळणाऱ्यासाठी रेनपायचा स्किप (मजकूर वेगाने पुढे नेण्याची सोय) मुळातच पाहिलेला मजकूर तेवढाच ओलांडतो आणि नवे वाक्य आले की थांबतो. याचा एक लाभ तुमच्या विशेष उपयोगाचा आहे: प्रतिसाद १ मध्ये सुचवल्याप्रमाणे मधल्या तासात ओझरते उल्लेख पेरले, तर दुसऱ्या खेपेला स्किप नेमका त्या उल्लेखांपाशी थांबेल आणि आपल्या निवडीने काय बदलले हे खेळाडूला आपसूकच दिसेल. मात्र त्यासाठी सामायिक वाक्ये खरोखर एकाच ठिकाणी लिहिलेली हवीत. दोन फांद्यांमध्ये तोच मजकूर नकलून ठेवला तर इंजिन त्याला न पाहिलेला समजते आणि खेळाडूला वाचलेलेच पुन्हा वाचावे लागते.

धागाकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. लाखेचे तुकडे मी बेधडक घेत आहे. प्रकरणाच्या आरंभी आपोआप सेव्ह आणि पाच निवडींनंतर फिक्स रोलबॅक, असे सध्या ठरवले आहे. इतिहासाचा पडदा सुरू आहेच. प्रतिसाद २ मधील 'खऱ्या' शेवटाचा मुद्दा मात्र मनाला लागला आहे, कारण नोंदवही सापडते तो शेवट इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट लांबीचा आहे. उरलेल्या चारांना त्या तोडीचे करण्यासाठी मला वेळ लागेल.

आता दोन तांत्रिक शंका उरतात. निवडींची नोंद पर्सिस्टंटमध्ये (सर्व खेपांत सामायिक राहणाऱ्या साठ्यात) ठेवावी की साध्या व्हेरिएबलमध्ये? आणि पाच निवडींच्या सर्व जुळण्या एकट्याने तपासायच्या कशा?

प्रतिसाद १

निवडींची नोंद साध्या व्हेरिएबलमध्येच ठेवा आणि ती डिफॉल्ट विधानाने (आरंभीचे मूल्य ठरवणाऱ्या ओळीने) घोषित करा. डिफाइनने घोषित केलेले मूल्य स्थिर मानले जाते, त्यात नंतर बदल केला तर तो सेव्हमध्ये जाईल असे गृहीत धरू नका. पर्सिस्टंटमधील नोंद कोणत्याही एका सेव्हची नसते आणि रोलबॅकने किंवा जुना सेव्ह लोड केल्याने ती पुसली जात नाही, म्हणून कोणते शेवट पाहून झाले हे ठेवण्यासाठी ती उत्तम आहे. पत्र उघडल्याची नोंद तिथे ठेवली, तर एकदा उघडलेले पत्र पुढच्या प्रत्येक खेपेत उघडलेलेच राहील. 'अंडरटेल'सारखी स्मरणशक्ती हवी असती तर तेच साधन झाले असते, पण तुम्हाला ती नको आहे.

तपासणीचे काम दिसते तेवढे भयंकर नाही. तुमच्याकडे पाच होय-नाही नोंदी आहेत, म्हणजे शेवटच्या प्रकरणात शिरताना फक्त ३२ स्थिती संभवतात. विकासकासाठीच्या कन्सोलमधून (आज्ञा लिहिण्याच्या पडद्यातून) ती पाच मूल्ये हाताने बदलून थेट शेवटच्या प्रकरणाच्या लेबलवर (त्या भागाच्या आरंभाच्या नावावर) उडी घेता येते. त्या ३२ स्थितींचा तक्ता करा आणि प्रत्येकीसमोर कोणता शेवट यायला हवा ते गेम न चालवता, आधी कागदावर लिहा, नंतर पडताळा. एखाद्या शेवटाकडे एकच स्थिती जात असेल आणि दुसऱ्याकडे वीस, तर ते तक्त्यात लगेच दिसेल, आणि बहुधा नोंदवही सापडणारा तुमचा तो लांबलचक शेवटच एकाकी निघेल.

पुढे नवीन नोंद वाढवलीत तरी हरकत नाही. डिफॉल्टने घोषित केलेले व्हेरिएबल जुन्या सेव्हमध्ये नसले तर लोड करताना त्याला आरंभीचे मूल्य मिळते. त्यामुळे ज्यांनी तुमचा गेम अर्धा खेळून ठेवला आहे त्यांचे सेव्ह केवळ नवी नोंद घातल्यामुळे मोडणार नाहीत.