बी.एस्सी. प्रथम वर्ष : प्रात्यक्षिकात रीडिंग जुळत नाही, शाखा चुकली का?

घणसोलीची मुलगी

नमस्कार. मी यंदा ठाण्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतला आहे. अकरावी-बारावी मी ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने केली, म्हणजे नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवसभर बसणे क्लासमध्ये. जर्नल तर आम्ही शेवटच्या पंधरवड्यात एकीचे बघून दुसरीने उतरवले होते. सीईटीला गुण बरे मिळाले, त्यामुळे विषय येतो असा माझा समज होता. आता ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या टायट्रेशनमध्ये (ठरावीक आम्लाला किती अल्कली लागते ते थेंबथेंब सोडून मोजण्याचा प्रयोग) माझी रीडिंग ९.६, १०.३ आणि ९.९ मिलिलिटर अशी आली. शेजारच्या टेबलावर तिन्ही वेळा १०.० होते, म्हणून मीही खोडून तेच लिहिले. त्यात प्रात्यक्षिकाच्या दिवशी गर्दीची ट्रान्सहार्बर गाडी पकडून घरी पोहोचेपर्यंत साडेसात होतात. अभियांत्रिकी सोडून इकडे येण्याचा हट्ट माझाच होता, त्यामुळे घरी काही बोलता येत नाही. मी चुकीच्या शाखेत आले आहे का?

कोपरखैरणे, एम.एस्सी. भाग २

माझीही सुरुवात अशीच झाली होती, त्यामुळे शाखेचा प्रश्न तूर्त बाजूला ठेव आणि पुढच्या वेळी हात कुठे चुकतो ते पाहा. पिपेट, म्हणजे आम्ल मोजून घ्यायची नळी, नुसत्या पाण्याने धुऊन वापरलीस, तर आत राहिलेल्या पाण्यामुळे पहिल्या खेपेला आम्ल थोडे कमी जाते आणि रीडिंग कमी येते, तुझे ९.६ पहिलेच आहे, हे मला लक्षणीय वाटते. ब्युरेट (अल्कली सोडायची तोटीची मापनळी) आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच आधी विसळावी. शंकूपात्र मात्र फक्त पाण्याने धुवावे, कारण त्यात पाणी राहिले तरी आम्लाचे प्रमाण बदलत नाही, आम्लाने विसळले तर ते वाढते. ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा राहून तो मध्येच सुटला, तर रीडिंग वाढते. वर फनेल तशीच राहून तिच्यातून थेंब पडला, तर ते कमी होते. रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे थेंबही दरवेळी मोजून तेवढेच घाल. या गोष्टी मला कोणी सांगितल्या नव्हत्या, निम्मे सत्र गेल्यावर प्रयोगशाळेतील एका काकांनी दाखवल्या.

ऐरोली, अध्यापक

वरील सर्व सूचना योग्य आहेत. मला मात्र त्या खोडलेल्या १०.० विषयी बोलायचे आहे. दोन्ही द्रावणे अचूक ०.१ एन, म्हणजे सारख्याच तीव्रतेची असतील, तर १० मिलिलिटर आम्लाला १०.० मिलिलिटर अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइड) लागेल, हे गणित कागदावर करता येते आणि शेजारच्या टेबलावरचा आकडा बहुधा तिथूनच आला असावा. प्रत्यक्षात सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे वजन करून बनवलेले त्याचे द्रावण सहसा ठरवल्यापेक्षा सौम्य निघते. नेमके किती सौम्य, हे काढण्यासाठीच तर आपण टायट्रेशन करतो. द्रावण सौम्य असेल तर ते १०.० पेक्षा जास्त लागेल. म्हणजे तुम्ही खोडलेल्या आकड्यांतला १०.३ हा खऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळ असण्याची शक्यता आहे. इथून खात्री देता येणार नाही, कारण एकच रीडिंग पुरावा ठरत नाही.

सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. त्या सरावाने उत्तर चटकन ओळखण्याची सवय लागते आणि उत्तर नसलेल्या टेबलापाशी मूल बावरते. (दोन वर्षे प्रयोगशाळेचे दार न पाहिलेली मुले दरवर्षी आमच्यापुढे येतात आणि आम्ही पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती ब्युरेट देतो, हा आमचाही दोष आहे.) उशिराचे म्हणाल, तर थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास असतात, त्यामुळे ते दिवस लांबणारच. गणना आणि निष्कर्ष टेबलावरच लिहून टाकले, तर निदान घरी जर्नल उरत नाही.

कळवा, द्वितीय वर्ष

सरांचे म्हणणे पटते, परंतु आमच्याकडे तपासताना ‘अपेक्षित’ उत्तराच्या जवळ असलेल्यालाच गुण मिळतात. प्रामाणिक १०.३ लिहून गुण गेले, तर ते कोण भरून देणार?

ऐरोली, अध्यापक

तक्रार रास्त आहे. अशा वेळी रीडिंग खोडण्याआधी तपासणाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर एक खेप करून दाखवावी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा नाकारणे कोणालाही जड जाते.

घणसोलीची मुलगी

ताई आणि सर, मनापासून आभार. आज तेच टायट्रेशन पुन्हा करण्याची परवानगी मिळाली. पिपेट आम्लाने विसळली, तोटीतला बुडबुडा आधीच काढून टाकला आणि फनेल बाजूला ठेवली. रीडिंग १०.३, १०.४ आणि १०.३ आली. मॅडमनी विचारले, बाकीच्यांचे १०.० कसे? मी काही बोलले नाही, परंतु त्यांनी बाटलीतले द्रावण घेऊन स्वतः एक खेप केली आणि मग सगळ्या वर्गाला पुन्हा ब्युरेट भरायला सांगितली. त्यामुळे आज घरी यायला आठ वाजले आणि मैत्रिणी माझ्यावर थोड्या रागावल्या आहेत.