ग्रंथालयाची तालिका वाचकाच्या भाषेत बोलायला कधी शिकणार?

शब्दवेल्हाळ
मी ग्रंथपाल आहे. परवा एका वाचक बाईंनी आमच्या ऑनलाइन तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, 'साखरेचा आजार' टाकलं. निकाल शून्य. मधुमेहावरच्या पुस्तकांची अख्खी फळी त्यांच्या पाठीमागेच होती! "या विषयावर काही नाही वाटतं तुमच्याकडे," म्हणत त्या निघाल्याही होत्या. मी हाक मारली म्हणून थांबल्या.

म्हणून ठामपणे म्हणते, नवी वेब साधनं शिकून घेणं हा आता आपल्या रोजच्या कामाचाच भाग आहे. व्हूफाइंड, ब्लॅकलाइट ही तालिकेत शोध घेण्याची मुक्तस्रोत साधनं आहे त्या नोंदींवरच बसतात. एकच शोधचौकट, बाजूला भाषा, वर्ष, प्रकार असे फिल्टर. व्हूफाइंडची चाचणी प्रत मी सध्या चालवून पाहतेय. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच 'वाचकाचा वेळ वाचवा' हे सूत्र घालून दिलं. आपली विषयशीर्षकं वाचकाने पाठ करून यावीत, ही अपेक्षा त्या सूत्रात बसत नाही.

जुनी_फळी
असहमत, आणि तेही तुमच्याच उदाहरणावरून. कार्डांच्या कपाटात 'साखरेचा आजार – पाहा: मधुमेह' असं कार्ड असायचं. वाचक काय म्हणेल याचा विचार करून कुणा ग्रंथपालाने ते हाताने लिहिलेलं असे. मार्कमध्येही, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथनोंदींच्या ठरावीक साच्यातही, ही सोय आहे. विषयाचं ठरलेलं नाव सांगणाऱ्या प्राधिकृत नोंदीतलं ४५० क्रमांकाचं क्षेत्र त्याचसाठी असतं. मी काम केलेल्या दोन्ही ठिकाणी संगणकीकरणाच्या घाईत ते कोरंच राहिलं. नोंदीत जो शब्दच नाही, तो नवी चौकट कुठून आणणार? आधी तालिकीकरणाला माणूस द्या, मग रंगरंगोटी.

शब्दवेल्हाळ
मुद्दा मान्य, 'रंगरंगोटी' मान्य नाही. ही दोन्ही साधनं सोलर या शोधयंत्रणेवर चालतात आणि तिला समानार्थी शब्दांची साधी मजकूर फाइल देता येते. 'साखरेचा आजार, मधुमेह, डायबिटीस' ही ओळ घालायला प्रोग्रामर व्हावं लागत नाही. हे तुमचं 'पाहा' कार्डच झालं की! शिवाय कुठले शोध रिकामे गेले याची यादी ठेवता येते. कपाटासमोरून रिकाम्या हाताने कोण परत गेलं, हे पूर्वी आपल्याला कळायचंच नाही.

काना_मात्रा
त्या यादीत लेखनभेद जरूर बघा. 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' हे यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत आद्याक्षरांनी आणि दुसरीत पूर्ण, हेही नेहमीचंच.

मितभाषी
मी साधा वाचक. रिकाम्या शोधांची यादी म्हटल्यावर काळजी वाटली. कोणी आजार शोधतं, कोणी घटस्फोटाचा कायदा. काउंटरवरचे ग्रंथपाल ते कुणापाशी बोलत नाहीत, हा भरवसा आहे. यंत्राच्या नोंदवहीवर तसा भरवसा कशाच्या जोरावर ठेवू? शोध सभासद क्रमांकाला जोडलेला असेल तर मी तिथे काही शोधणारच नाही.

शब्दवेल्हाळ
बरोबर आहे तुमचं. फक्त शब्द ठेवायचे, सभासद क्रमांक आणि आयपी पत्ता साठवायचाच नाही, ठरावीक दिवसांनी यादी पुसायची. हा नियम लेखी झाल्याशिवाय मी सुरू करणार नाही.

जुनी_फळी
समानार्थी फाइलचं पटलं, करून बघतो. पण फळीवरचा शेजार चौकटीत हरवतो, त्याचं काय? ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, ६१६.४६२ ला मधुमेह. हात जरा इकडेतिकडे गेला की अंतःस्रावी ग्रंथींचे बाकीचे विकार. न मागितलेलं पुस्तक असंच हाती लागतं. चौकटीतली यादी याच क्रमाने का आली, हे मात्र वाचकाला कळत नाही. वर्गांकानुसार चाळायची सोय पहिल्याच पानावर द्याल, तर मी तुमच्या बाजूने.

शब्दवेल्हाळ
ती सोय व्हूफाइंडमध्ये आहे. चाचणी प्रतीत पहिल्या पानावर आणते. आणि तुमच्याकडे 'पाहा' कार्डांचा जुना गठ्ठा अजून असेल, तर कृपा करून रद्दीत देऊ नका. मला त्यावरून फाइल भरायची आहे.