प्रति: माध्यमं आणि स्थलांतरित

‘स्थलांतरितांबद्दल माध्यमं जे आहे तेच दाखवतात’ असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. २०१६ च्या ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा या प्रचारातलं ‘ब्रेकिंग पॉइंट’ पोस्टर आठवा. त्यावर निर्वासितांची लांबलचक रांग होती, पण ती ब्रिटनच्या दारात नव्हतीच. फोटो २०१५ चा, क्रोएशिया-स्लोव्हेनिया सीमेवरचा. फोटो खरा, वापर मात्र लबाड.

पण मला कौतुकाच्या बातम्याही तितक्याच खटकतात. २०१८ मध्ये पॅरिसला मामुदू गासामा या मालीहून आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या तरुणाने चार मजले चढून बाल्कनीला लटकलेलं पोर वाचवलं. लगेच ‘स्पायडरमॅन’ झाला, फ्रान्सचं नागरिकत्वही मिळालं. मिळायलाच हवं होतं! पण एकतर लोंढा, नाहीतर सुपरहिरो. निमूटपणे भांडी घासणारा, कर भरणारा स्थलांतरित ‘आपला’ ठरायला त्याने नेमकं किती मजले चढायचे?