एसजी मायक्रोची वाढ ही केवळ निर्बंधांची देणगी आहे का?

संधारित्र:
बीजिंगची एसजी मायक्रो ही ॲनालॉग चिप (व्होल्टेज, आवाज, तापमान असे सलग बदलणारे संकेत हाताळणाऱ्या चिप) बनवणारी कंपनी २००७ साली स्थापन झाली आणि २०१७ मध्ये शेंझेनच्या शेअर बाजारात आली. त्या वर्षी सुमारे ५३ कोटी युआन असलेली तिची विक्री २०२२ मध्ये ३१९ कोटींवर गेली, पण पुढच्याच वर्षी २६२ कोटींवर घसरली. २०१८ मध्ये झेडटीई आणि २०१९ मध्ये हुआवे या चिनी दूरसंचार उपकरण कंपन्यांना अमेरिकी चिप मिळण्यावर अमेरिकेने निर्बंध घातले नसते, तर ही वाढ झाली असती का?

जुना_ऑसिलोस्कोप:
निर्बंधांमुळे दार उघडले हे खरे, कारण तोवर चिनी कारखान्यांतले खरेदी अधिकारी देशी चिपचा नमुनासुद्धा तपासायला तयार नसत. आत शिरल्यावर टिकून राहायला मात्र माल लागतो. ॲनालॉगमध्ये एखाद्याच चिपवर कंपनी मोठी होत नाही. ग्राहकाला एकाच बोर्डासाठी ॲम्प्लिफायर, व्होल्टेज रेग्युलेटर, स्विच असे वीस-पंचवीस सुटे भाग हवे असतात आणि ते एकाच ठिकाणी मिळाले तर त्याला बरे वाटते. संस्थापक झांग शिलाँग हे स्वतः टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या बड्या अमेरिकी ॲनालॉग चिप कंपनीत काम केलेले असल्यामुळे त्यांनी हे गणित पहिल्यापासून ओळखले असावे. आज कंपनीच्या यादीत पाच हजारांहून अधिक उत्पादने आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या यादीत मात्र सुमारे ८०,००० आहेत, हेही विसरू नये.

शिवाय स्वतःचा फॅब (चिप तयार करणारा कारखाना) नसल्यामुळे एसजी मायक्रोला वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) बाहेरून करून घ्यावे लागतात. सुदैवाने या कामाला अतिसूक्ष्म तंत्र लागत नाही, त्यामुळे प्रगत यंत्रसामग्रीवरच्या निर्बंधांची झळ इथे कमी बसते.

पाचपायी:
वरच्या प्रतिसादाला माझ्या अनुभवाची जोड देतो. पायाला पाय जुळणारा (म्हणजे बोर्ड न बदलता जुन्या चिपच्या जागी थेट बसणारा) पर्याय म्हणून एका परदेशी रेग्युलेटरच्या जागी मी दुसऱ्या एका कंपनीचा (ही कंपनी नव्हे) स्वस्त भाग बसवला होता. माहितीपत्रकातले आकडे तंतोतंत जुळत होते, तरीही बोर्ड सुरू करताच आउटपुट डोलू लागले. जुन्या भागाला चालणारा सिरॅमिक कॅपॅसिटर नव्याला चालत नव्हता, कारण त्याला स्थिर राहण्यासाठी कॅपॅसिटरमध्ये थोडा अंतर्गत रोध हवा होता. असे बारकावे अनुभवी अभियंत्यांच्या हातात असतात आणि तो हात तयार व्हायला दहा वर्षे जातात. एसजी मायक्रो विक्रीच्या पाव हिश्श्याहून अधिक रक्कम संशोधनावर का खर्च करते, याचे उत्तर मला इथे दिसते.

संधारित्र:
मग २०२३ ची घसरण कशी समजावी?

जुना_ऑसिलोस्कोप:
त्याआधीच्या जागतिक चिप टंचाईच्या काळात ग्राहकांनी गोदामे भरून ठेवली होती, त्यामुळे नवी मागणी आटली. त्यातच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने चीनमध्ये भाव पाडले. एसजी मायक्रोचा नफा एका वर्षात ८७ कोटी युआनवरून २८ कोटींवर आला, आणि माझ्या मते विक्रीपेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे. २०२४ मध्ये विक्री ३३५ कोटींवर गेली, म्हणजे २०२२ चा उच्चांक मागे पडला. नफा मात्र सुमारे ५० कोटींवरच थांबला. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने अमेरिकी ॲनालॉग चिपवर डंपिंगची (अवाजवी कमी भावात माल परदेशात विकण्याची) चौकशी सुरू केली, ती या भावयुद्धाच्या पार्श्वभूमीवरच. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की विक्रीची वाढ निर्बंधांनी लवकर घडवली, पण ५० चे पुन्हा ८७ कोटी करण्याचे काम निर्बंधांच्या हातातले नाही.